गळ्याला तीनशे टाके पडलेला गोलकीपर : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली दोन-अडीच वर्षं मी ह्या माणसाची गोष्ट दिसेल त्याला सांगत सुटलोय. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या टपरीवर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, एकदा तर गावाकडं जत्रेच्या जेवणात सुरू झालो आणि शेजारच्या पाव्हण्यानं तांबडा रस्सा तसाच ठेवून हात धुतला, रक्ताचा भाग आला होता, चूक माझीच. तर प्रश्न तेच तेच येतात आणि दरवेळी माझं काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून एकदा बैजवार लिहून काढतो. मित्रांनी जसे विचारले तसेच प्रश्न ठेवलेत.

हा मलारचुक कोण रे? आपण तर नाव पण ऐकलं नाही.

क्लिंट मलारचुक. कॅनडाचा. १ मे १९६१ ला अल्बर्टा प्रांतात ग्रँड प्रेअरी नावाच्या गावात जन्मला. आइस हॉकीचा गोलकीपर. अमेरिका-कॅनडाची जी सगळ्यात मोठी लीग आहे एनएचएल, त्यात क्युबेक नॉर्डिक्स, वॉशिंग्टन कॅपिटल्स आणि बफेलो सेबर्स ह्या तीन टीमकडनं मिळून ३३८ मॅच खेळला. म्हणजे काय एकदम सचिन नव्हे, पण मोठ्या लीगमध्ये गोलकीपरच्या जागा मोजक्याच असतात, तिथं ३३८ मॅच टिकला म्हणजे गडी पक्का होता. गंमत म्हणजे १९८७ ला क्युबेकनं त्याला आणि डेल हंटरला वॉशिंग्टनला देऊन टाकलं, बदल्यात दोन खेळाडू आणि नव्या पोरांच्या निवडीतली एक पाळी घेतली, आणि त्या पाळीला त्यांनी जो पोरगा उचलला तो म्हणजे जो सॅकिक, पुढं लई मोठा खेळाडू झाला. त्यामुळं हॉकीच्या पुस्तकांत मलारचुकचं नाव 'ज्यांच्या बदल्यात सॅकिक आला त्यातला एक' असं पण येतं. नशीब बघा.

आइस हॉकी म्हणजे आपली हॉकीच ना, फक्त बर्फावर?

नाही भावा. बॉल नसतो, पक असतो, म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद, वजन साधारण १७० ग्रॅम. चांगला खेळाडू मारतो तेव्हा ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. एका टीमचे सहा जण मैदानात, त्यात एक गोलकीपर. वीस वीस मिनिटांचे तीन पिरियड. पायात स्केट.

स्केटबद्दल जरा सांगतो कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. मी फौंड्रीत कास्टिंग तपासतो, लोखंड-स्टील रोज हातात, म्हणून मला तेच आधी दिसलं. स्केटचं पातं तीनेक मिलिमीटर जाडीचं स्टील. त्याला खालनं मधोमध खाच पाडतात म्हणजे दोन्ही बाजूला दोन कडा तयार होतात, आणि त्या कडांना धार लावतात, खेळाडू मॅचच्या आधी दगडावर लावून घेतात. म्हणजे मैदानावर बारा जण, पायात एकेकाच्या दोन सुऱ्या, वेग मोटरसायकलचा. आपल्याकडं फुटबॉलचे स्टड घासून टोकदार केले म्हणून भांडणं होतात.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

(ज्यांना रक्ताचं वर्णन झेपत नाही त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावा.)

२२ मार्च १९८९. बफेलो शहर, समोर सेंट लुईस ब्लूज. मलारचुक बफेलोच्या टीममध्ये येऊन दोनच आठवडे झालेले. पहिला पिरियड चालू होता. ब्लूजचा स्टीव्ह टटल गोलकडं सुसाट आला, बफेलोचा उवे क्रुप त्याला अडवायला त्याच्या अंगाला भिडून, दोघं धडकून एकदमच मलारचुकच्या अंगावर आले आणि पडताना टटलचा पाय वर उडाला. पातं मलारचुकच्या गळ्याला उजव्या बाजूला लागलं. जुग्युलर शीर कापली, म्हणजे डोक्याकडचं रक्त हृदयाकडं परत आणणारी मानेतली मोठी शीर.

त्यानं मास्क काढून टाकला, गुडघ्यावर बसला, गळा हातानं दाबला आणि बोटांमधनं रक्त ठोक्याठोक्याला उडत होतं. पांढऱ्या बर्फावर. मॅच टीव्हीवर चालू होती, कॅमेरावाल्यांनी कॅमेरा फिरवला. प्रेक्षकांत लोक चक्कर येऊन पडले, दोघांना हार्ट अटॅक आल्याच्या बातम्या होत्या, खेळाडूंना तिथंच उलट्या झाल्या.

आणि ह्याच्या डोक्यात काय, तर आई टीव्हीवर बघत असणार, तिच्यासमोर मरायचं नाही, आधी इथनं बाहेर जायचं. हे त्यानं स्वतः नंतर कित्येकदा सांगितलंय. उठला, दोघांच्या आधारानं पण आपल्या पायांनी बर्फावरनं बाहेर गेला. सामान सांभाळणाऱ्या माणसाला म्हणाला आईला फोन कर, माझं तिच्यावर प्रेम आहे म्हणून सांग. आणि चर्चच्या फादरला बोलवा म्हणाला. आपण मरतोय हे त्याला पक्कं वाटत होतं.

मग वाचला कसा?

दोन गोष्टींमुळं. एक म्हणजे टीमचा ट्रेनर, जिम पिझुटेली. हा बाबा आधी अमेरिकेच्या सैन्यात व्हिएतनामच्या युद्धात जखमींवर इलाज करायचा. तो धावत गेला आणि जखमेत बोटं घालून शीर चिमटीत धरली, आणि डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत सोडलीच नाही. आत नेल्यावर त्याच्या कॉलरबोनवर गुडघा टेकवून सगळा भार टाकला म्हणे. बँडेज शोधत बसला असता तर खेळ खलास.

दुसरी गोष्ट जागेची. हॉकीत दर पिरियडला बाजू बदलतात. पहिल्या पिरियडला मलारचुक ज्या टोकाला उभा होता तिथनं आत जायचं दार जवळ होतं. दुसऱ्या पिरियडला झालं असतं तर अख्खं मैदान ओलांडून, दोनशे फूट लांबी असते, तेवढं जाऊस्तोवर रक्त संपलं असतं.

टटलनं मुद्दाम केलं का?

अजिबात नाही. अपघात होता. मलारचुकनं पण त्याला कधी दोष दिला नाही.

तीनशे टाके? गळा केवढा असतो, फेकू नकोस.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्याचाच राग येतो, का ते शेवटी सांगतो. टाके फक्त वरच्या चामडीला नसतात. आत शीर शिवायची, मग स्नायू, त्यावर एक थर, मग चामडी, असं थराथरानं शिवत यायचं. दीड तास लागला आणि तीनशेच्या वर टाके. फुटबॉल खेळताना माझ्या भुवईला चौदा पडले होते तर मी महिनाभर पेठेत चौदा चौदा म्हणून सांगत फिरलो.

आणि मॅचचं काय झालं? रद्द?

नाही. बर्फ साफ केला, रक्त खरवडून काढलं आणि मॅच पुढं चालू. मला हे वाचून कसंतरीच झालं होतं. पण मग आठवलं, मी खाली पडलो तेव्हा आमची पण मॅच थांबली नव्हती, मातीवर पाणी मारलं आणि कॉर्नर परत घेतला.

ऐकलंय की लगेच परत खेळायला उतरला. मर्द गडी!

हॉस्पिटलात राहिला एक रात्र. चार दिवसांत सरावाला. आणि दोन आठवडे पण झाले नव्हते तोवर परत गोलमध्ये उभा, आख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय. वर्तमानपत्रांत हेच, बघा काय काळीज आहे. तुमच्यासारखंच सगळे मर्द गडी मर्द गडी.

आता माझं म्हणणं ऐका. आमच्याकडं एखादं कास्टिंग येतं, फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, होऊन वरनं एकदम टकाटक, हात फिरवला तर कुठं खरवड लागत नाही, पेंट मारून पाठवलं तर गिऱ्हाईक खूश. आणि मशीनिंगला घेतलं की आत ब्लो होल, ओतताना गॅस अडकलेला असतो तो. वरनं दिसतच नाही. त्यात दोष कास्टिंगचा नाही, घाईनं ओतणाऱ्याचा आणि वरवर बघून पास करणाऱ्याचा. मलारचुकला असंच पास केलं सगळ्यांनी. टाके बघितले, सुकलेत, जा खेळ. त्याला त्यावेळी कुणी मानसोपचाराचं विचारलं सुद्धा नाही असं तो सांगतो, आणि १९८९ साली त्या खेळात कोण विचारणार होतं, तो स्वतः पण विचारला असता तर नको म्हणाला असता असं मला वाटतं.

मग त्याला झालं काय? जखम तर भरली ना.

जखम भरली. झोप गेली. डोळे मिटले की पातं गळ्याकडं येताना दिसायचं, दचकून उठायचा. पलंगावर आडवं पडायची भीती बसली म्हणून खुर्चीत बसून रात्र काढायचा. सकाळी सरावाला जायचं, संध्याकाळी पकसमोर उभं राहायचं. गोलकीपरचं काम काय तर सगळे ज्याला चुकवतात त्याच्या आडवं जायचं, आणि ह्याचं मन म्हणत होतं पळ.

शिवाय हे काही सगळं त्या एका दिवसातनं आलेलं नव्हतं. लहानपणापासनंच हा पोरगा घाबरट मनाचा, बाप दारूच्या आहारी गेलेला, घरात धाक. बारा-तेरा वर्षांचा असताना नुसत्या घोरानं आजारी पडून हॉस्पिटलात राहिला होता. ओसीडी होती, पण ती ओसीडी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. अपघातानं त्या जुन्या दुखण्याला नुसतं रॉकेल ओतलं.

ओसीडी म्हणजे स्वच्छतेचं वेड ना? माझ्या बायकोला पण आहे.

तुमची बायको ओटा दोनदा पुसते म्हणजे तिला ओसीडी नाही, तुम्ही एकदा पण पुसत नाही एवढाच त्याचा अर्थ.

ओसीडीत काय होतं, डोक्यात एक नको असलेला विचार घुसतो आणि जात नाही, आणि तो घालवायला माणूस काहीतरी एक कृती परत परत करत राहतो, केल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं, परत तो विचार हजर. कडी लावली का बघायला चारदा जिना चढणं. मोजणं. सगळं ठराविक क्रमानंच करणं. आणि माणसाला कळत असतं हे येडपटपणाचं आहे, तरी थांबवता येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मला मलारचुकमध्ये जे नवीन वाटलं ते असं की खेळानं त्याच्या आजाराला शाबासकी दिली. दुसरा पोरगा शंभर शॉट अडवून घरी जातोय, हा तीच हालचाल परत परत, अजून परत, मन भरेपर्यंत, आणि मन कधी भरतच नाही. कोच काय म्हणणार? केवढा कष्टाळू! अशा पोराला कोण डॉक्टरकडं नेईल? आपल्या तालमीत एखादं पोरगं पहाटे तीनला उठून एकटंच जोर काढत असलं तर वस्ताद कौतुकच करतील, आणि बहुतेक वेळा ते कौतुक बरोबरच असतं, पण शंभरात एखादं पोरगं तिथं व्यायामाला आलेलं नसतं, डोक्यातल्या कशापासनं तरी पळून आलेलं असतं.

दारूचं काय?

झोपायला दारू. अंग दुखतंय म्हणून गोळ्या. १९९२ च्या सुरुवातीला पोटात अल्सर, त्याच्या गोळ्या, वेदनेच्या गोळ्या आणि वर दारू असं सगळं एकत्र जाऊन कोसळला, थोडक्यात वाचला. त्या हॉस्पिटलात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं बाबा तुला ओसीडी आहे, हे औषध घे. तिशी उलटल्यावर कळलं की लहानपणापासनं जे होतंय त्याला नाव आहे.

औषधानं फरक पडला. पण एनएचएलमधलं करिअर तिथंच संपलं. पुढं सॅन डिएगो, लास वेगास अशा खालच्या लीगच्या टीममध्ये खेळला, मग गोलकीपरांचा कोच झाला. वरनं बघितलं तर सगळं मार्गी लागलं.

मग २००८ ला काय झालं?

हे जरा सावकाश सांगतो.

१० फेब्रुवारी २००८. परत बफेलो शहर. फ्लोरिडाच्या टीमचा रिचर्ड झेडनिक, त्याच्या स्वतःच्याच टीमचा ओली योकिनेन पडला आणि त्याचा स्केट झेडनिकच्या गळ्याला लागला. झेडनिक पण वाचला. आता असं काही झालं की पत्रकार कुणाला फोन करणार? मलारचुकला. तुम्हाला काय वाटलं? तुमचा तो व्हिडिओ परत दाखवतोय, तुमची प्रतिक्रिया? एकोणीस वर्षं त्यानं ते कुठंतरी खाली पुरून ठेवलं होतं, लोकांनी फोन करकरून उकरलं.

झोप परत गेली, दारू परत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेवाडातल्या त्याच्या घरी त्यानं स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. बायको तिथंच होती. वाचला. कसं काय केलं ते मी सांगत नाही, कट्ट्यावर पण सांगत नाही, विचारू नका.

त्यानंतर कित्येक महिने सॅन फ्रान्सिस्कोत उपचार घेतले आणि तिथं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की तुला पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून जाणारी जखम, जी सैनिकांना होते, भूकंपातनं वाचलेल्यांना होते. १९८९ चा अपघात, आणि निदान वीस वर्षांनी. गळा शिवायला दीड तास लागला होता.

एवढा पैसा होता की, मग डिप्रेशन कसलं?

साखर पैसेवाल्याला होते, बीपी होतो, मुतखडा होतो, त्यावेळी कुणी म्हणत नाही एवढी इस्टेट असून मुतखडा कसा.

लीगनं काहीच केलं नाही का?

त्यावेळी तशी सोय नव्हती. १९९६ ला एनएचएल आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून एक कार्यक्रम सुरू केला, ज्यात खेळाडू दारू, गोळ्या किंवा मनाच्या आजारासाठी मदत घेऊ शकतो. मलारचुक तोवर एनएचएलमधनं बाहेर. सुरुवातीला तिथं जाणं म्हणजे कमीपणाच समजायचे. २०११ ला डेरेक बुगार्ड नावाचा, मारामारीसाठीच प्रसिद्ध असलेला खेळाडू, २८ व्या वर्षी वेदनेच्या गोळ्या आणि दारू एकत्र होऊन गेला, आणि त्याचा मेंदू तपासला तर डोक्यावर सतत मार बसून होणारा आजार निघाला. तेव्हा जरा लोक हलले.

आता परिस्थिती बरी आहे. रॉबिन लेनर, हा पण गोलकीपर, हा पण बफेलोचा (ह्या शहराचं काय आहे कुणास ठाऊक), २०१८ ला मॅच चालू असताना त्याला पॅनिक अटॅक आला. त्यानं उपचार घेतले, बायपोलर आजार (मन कधी एकदम वर, कधी एकदम खाली) आहे हे स्वतः जाहीर लिहिलं, आणि पुढच्या वर्षी त्याला मास्टरटन ट्रॉफी मिळाली, जी चिकाटीसाठी देतात. मॉन्ट्रियलचा केरी प्राइस, जगातला एक नंबर गोलकीपर म्हणायचे त्याला, तो २०२१ ला ह्याच कार्यक्रमात गेला. तिघं पण गोलकीपर बघा. चूक केली की मागं जाळी हलते, भोंगा वाजतो आणि हजारो लोक नाचायला लागतात, दुसऱ्या कुठल्या नोकरीत असं होतं सांगा.

गळ्याला पट्टा-बिट्टा काही लावत नाहीत का?

मलारचुकच्या अपघातानंतर पुष्कळ गोलकीपर गळ्याचं संरक्षण लावायला लागले. पण बाकीचे खेळाडू? गरम होतं, टोचतं, मान वळत नाही, अशी कारणं. आपल्या हेल्मेटसारखंच, दसरा चौकात पोलीस दिसला की डोक्यावर, पुढं गेलं की हँडलला.

मग २८ ऑक्टोबर २०२३. इंग्लंडमध्ये शेफील्डला मॅच चालू असताना नॉटिंगहॅम पँथर्सचा अॅडम जॉन्सन, अमेरिकेचा पोरगा, आधी एनएचएलमध्ये पिट्सबर्गकडनं खेळलेला, स्केटनं गळा कापला गेला आणि तो वाचला नाही. २९ वर्षांचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानं आपल्या सगळ्या स्पर्धांत गळ्याचं संरक्षण सक्तीचं केलं. एनएचएलनं पण ठरवलंय, २०२६-२७ च्या हंगामापासनं जे नवीन येतील त्यांना सक्ती, जुने आहेत त्यांची मर्जी. म्हणजे १९८९ ला इशारा मिळाला आणि नियम यायला तीस-पस्तीस वर्षं आणि एक जीव गेला.

माझी ह्या सगळ्याशी ओळख पण तिथनंच झाली. नाइट शिफ्ट होती, फर्नेस बंद पडलेली, सगळे मोबाइल बघत बसलेले, मला जॉन्सनची बातमी दिसली, त्याच्या खाली मलारचुकचं नाव. सकाळी सातला शिफ्ट सुटेपर्यंत तेच वाचत बसलो.

व्हिडिओ पाठव की.

नाही पाठवणार. पाच जणांनी मागितला, पाचांना नाही म्हटलं. तो माणूस सांगतोय की ते सारखं दाखवल्यानं काय झालं, आणि आपण चहा पीत परत परत लावून बघायचं?

कोल्हापुरात आइस हॉकी शिकता येईल का?

आपल्याकडं बर्फ फक्त गोळ्यावाल्याकडं मिळतो. खरी आइस हॉकी बघायची तर लडाख, तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं-पोरी त्यावर खेळतात. आपल्या देशाच्या टीममध्ये पण बहुतेक लडाख आणि हिमाचलचेच. भारताच्या मुलींनी २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, आपल्याकडं किती जणांना माहीत आहे? मला पण उशिराच कळलं.

आता काय करतो तो? बरा आहे का?

कोच म्हणून परत आला, अटलांटा, मग कॅलगरी. २०१४ ला आत्मचरित्र आलं. आणि घोडे. लहानपणापासनं घोड्यांचं वेड, घोड्यांचे दात सारखे करायचं काम शिकला. घोड्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, कडा टोकदार होऊन गाल सोलतात, म्हणून मोठ्या कानशीनं घासावे लागतात. एवढं ताकदवान जनावर, तोंडात हात घालून कानस मारायची म्हणजे आधी त्याला शांत करावं लागतं आणि त्यासाठी आपण शांत असावं लागतं. मला हा माणूस सगळ्यात जास्त इथं आवडला. बाकी गावोगाव जाऊन बोलतो, सैनिकांशी, खेळाडूंशी, अग्निशमनवाल्यांशी. एकदम बरा झालोय असं तो कधी म्हणत नाही. औषध चालू ठेवायचं, लक्ष ठेवायचं.

हे सगळं तिकडचं. आपल्या कोल्हापूरचा काय संबंध?

तुम्ही गंगावेशला किंवा मोतीबागला जुन्या पैलवानांचे कान बघा. फुटून, दुमडून, भजीसारखे झालेले. तो कान म्हणजे आपल्याकडं पदक, चार माणसांत पैलवान म्हणून ओळख त्या कानानंच होते. दिसणाऱ्या जखमेला कोल्हापूर लई मान देतं, खांदा निखळला, गुडघा गेला, सगळं गाव विचारपूस करतं, खुराक पाठवतं. खासबागेत हरलेल्याला सुद्धा लोक उचलून धरतात. पण तोच पैलवान म्हणाला, वस्ताद, रात्री छातीत धडधडतंय, आखाड्यात उतरू वाटत नाही, तर काय उत्तर मिळतं? नजर लागलीय, लिंबू उतरव. नाहीतर, खाण्यात कमी पडतंय. मला स्वतःला एका डॉक्टरानं, नाव घेत नाही, तपासून सांगितलं होतं की रिपोर्ट सगळे नॉर्मल, लग्न करा.

मदत हवी असली तर कुठं जायचं?

सरकारची टेलि-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सरकारी मोठ्या दवाखान्यात मानसोपचार विभाग असतो, केस पेपर काढायचा आणि जायचं, बाकी ओपीडीसारखीच ती पण ओपीडी. कुणी जीव द्यायचं बोलत असला तर 'असलं बोलू नये' म्हणून गप्प करू नका, बसा त्याच्याजवळ, एकटं सोडू नका आणि घेऊन जावा. आणि ओळखीच्या कुणी बघितलं तर काय, ह्याची भीती वाटत असली तर मला फोन करा, मी येतो बरोबर, मला पुष्कळ जणांनी तिथं बघितलंय.

तू फुटबॉल का सोडलास मग? गुडघ्यामुळं ना?

हा प्रश्न शेवटी ठेवला.

तेवीस वर्षांचा होतो. शाहू स्टेडियमवर मॅच, टीमचं नाव राहू दे. कॉर्नर आला, मी पुढं झेपावलो, बॉल हातात आला आणि कुणाचा तरी बूट डोळ्यावर. भुवई फाटली, चौदा टाके, डोळा वाचला. नवव्या दिवशी परत गोलमध्ये. पेठेनं खांद्यावर घेतलं, एकानं मिसळ खायला घातली, एकानं टाके मोजले.

पण त्यानंतर प्रत्येक कॉर्नरला माझी नजर बॉलवर राहिनाच. बॉल हवेत आहे, सगळे वर बघतायत आणि मी खाली बूट बघतोय. कुणाचा पाय कुठं आहे. लाल मोजे, निळे मोजे. हात वर करायच्या ऐवजी डोळ्याकडं जायचे. पहिल्यांदा गोल गेला तेव्हा लोक म्हणाले ऊन डोळ्यावर आलं असेल. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मीच म्हणालो. तिसऱ्या मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये बुटाची नाडी बांधताना हात एवढे थरथरायला लागले की गाठ बसेना, शेजारच्या पोरानं बघितलं, काय झालं रे, आणि माझ्या तोंडातनं निघालं, गुडघा.

गुडघा म्हटल्यावर कुणी पुढं विचारत नाही. कोचनं लगेच बर्फ मागवला, एक जण तेल घेऊन आला, दुसऱ्या दिवशी आई हाडवैद्याकडं घेऊन गेली, त्यानं चांगला अर्धा तास चोळला आणि म्हणाला, नस सरकलीय. मी व्हय म्हणालो. सतरा वर्षं झाली, अजून पावसाळा सुरू झाला की जुनी पोरं विचारतात, काय रे, गुडघा काय म्हणतोय.

डावा सांगितला होता का उजवा, ते सुद्धा आता मला आठवत नाही.